नागपूरच्या उन्हाळ्यासाठी बियांपासून साल्व्हिया: जानेवारीच्या पेरणीपासून जूनच्या छाटणीपर्यंत

साल्व्हियाच्या बियांच्या पाकिटामागे बहुधा असे छापलेले असते: फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा, उन्हाळाभर फुले घ्या. ही सूचना थंड देशांसाठी आहे, जिथे उन्हाळा म्हणजे 25 अंश. नागपुरात मार्चमध्ये पेरले तर बी उगवते तेव्हाच दुपार 36-38 अंशांवर गेलेली असते. रोपाला चार-सहा पाने येतात तोवर एप्रिल उजाडतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. मुळे दोन बोटे खोल गेलेले ते रोप एका दुपारीत वाळते. दोष बियांचा नसतो आणि पाण्याचाही नसतो. पेरणी उशिरा झालेली असते.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा. फेब्रुवारी संपायच्या आत रोप कायमच्या जागी लागलेले हवे. मार्चमध्ये ते मुळे पसरते आणि एप्रिलच्या उन्हाला तोंड देण्याइतके काटक होते. बाकीचे सगळे वेळापत्रक इथून मागे मोजत जायचे.

कोणता साल्व्हिया घ्यायचा

साल्व्हिया तुळस आणि पुदिन्याच्या कुळातला आहे. खोड बोटांत धरून फिरवले की चौकोनी लागते आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. बागेसाठी बियांपासून सहज होणारे प्रकार तीन.

पहिला साल्व्हिया स्प्लेन्डेन्स. सरकारी बागांत, चौकांत हिवाळ्यात दिसणारा तो भडक लाल गालिचा याचाच. मूळचा ब्राझीलचा, ओलसर आणि सौम्य हवेतला. नागपूरच्या हिवाळ्यात तो अप्रतिम फुलतो, पण एप्रिलमध्ये पाने करपतात आणि तुरे आखूड होत जातात. उन्हाळ्यासाठी नवख्याने याच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हवाच असेल तर सप्टेंबरच्या शेवटी पेरून डिसेंबर ते मार्च त्याचा आनंद घ्या.

दुसरा साल्व्हिया कॉक्सिनिया. अमेरिकेच्या दक्षिण भागापासून मेक्सिको आणि पुढे उष्ण कटिबंधात वाढणारा. फुले लहान आणि विरळ, पण ऊन सोसण्यात तिघांत सरस. उंची 60 ते 75 सेंटिमीटर. ‘लेडी इन रेड’ हा लाल वाण आणि ‘कोरल निम्फ’ हा फिकट गुलाबी-पांढरा वाण सहसा पाकिटात मिळतो. लाल फुलांच्या नळीत मध असतो आणि आपल्याकडचा शिंजीर त्यावर हमखास येतो.

तिसरा साल्व्हिया फॅरिनेशिया, टेक्सास-मेक्सिकोकडचा, निळ्या-जांभळ्या सरळ तुऱ्यांचा. ‘व्हिक्टोरिया ब्लू’ हे त्यातले प्रसिद्ध नाव. उंची 45 ते 60 सेंटिमीटर. नीट सांभाळला तर हा एकाहून अधिक वर्षे टिकतो. उन्हाळ्यात निळी फुले देणारी झाडे आपल्याकडे मोजकीच असल्यामुळे याची किंमत जास्त.

वाफ्याच्या मागच्या ओळीत कॉक्सिनिया, पुढे फॅरिनेशिया, आणि कुंड्यांत फॅरिनेशिया: पहिल्या वर्षी इतके पुरे. स्वयंपाकातला सेज हाही साल्व्हियाच, पण त्याला नागपूरचा पावसाळा मानवत नाही. ते बी चुकून उचलू नका. पाकिटावर फक्त ‘साल्व्हिया’ लिहिले असेल तर ते बहुधा स्प्लेन्डेन्स असते, म्हणून पूर्ण नाव वाचून घ्या. पॅकिंगची तारीखही बघा. साल्व्हियाचे बी जुने झाले की उगवण झपाट्याने घटते. मागच्या उन्हाळ्यात दुकानाच्या तापलेल्या काउंटरवर पडून राहिलेले पाकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

पेरणी: 1 ते 10 जानेवारी

1 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब वाफ्याला 30 सेंटिमीटर अंतराने साधारण 30 रोपे लागतात. त्यासाठी 50 ते 60 बिया पेरा. काही उगवणार नाहीत, काही रोपे कमकुवत निघतील.

पेरणीचे मिश्रण असे: धुतलेले कोकोपीट 4 भाग आणि चाळलेले गांडूळखत 1 भाग. यात बागेतली माती घालायची नाही. कोकोपीट धुणे ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि तिथेच फसतात. नारळाच्या भुशात क्षार असतात आणि साल्व्हियाची कोवळी रोपे क्षारांना फार नाजूक असतात. पानांच्या कडा तपकिरी होऊन रोप जागच्या जागी थांबते, आणि माणूस खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतो. 650 ग्रॅमची वीट बादलीत भिजवा, फुगली की जुन्या सुती कापडात किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पिळा, पुन्हा पाणी घाला, पुन्हा पिळा. पाणी चहाच्या रंगाचे निघायचे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण तीन वेळा. एका विटेतून 8-9 लिटर कोकोपीट मिळते आणि ते 60 बियांना पुरून उरते. मिश्रणात किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळून दोन दिवस ओलसर झाकून ठेवले तर पुढचा मर रोग बराच टळतो.

प्रो-ट्रे असेल तर 50 कप्प्यांचा घ्या. नसेल तर मिठाईचा प्लास्टिकचा उथळ डबा चालतो, तळाला सळईने दहा-बारा भोके पाडून. मिश्रण भरा, हलकेच दाबा, पाणी देऊन निथळू द्या आणि मग पेरा. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे: मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

बिया आधी भिजवू नका. सब्जा पाण्यात टाकल्यावर बीभोवती चिकट गर येतो, तसाच साल्व्हियाच्या बीलाही येतो. चिया म्हणजेही साल्व्हियाचीच एक जात, त्यामुळे यात नवल नाही. भिजलेल्या बिया एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि सुट्या पेरता येत नाहीत. हा गर बीला मातीत ओलावा धरून देण्यासाठी आहे, त्याचे काम तिथेच होऊ द्या.

एका कप्प्यात एक किंवा दोन बिया ठेवा, बोटाने हलके दाबा आणि वर कोकोपीटचा इतका पातळ थर भुरभुरवा की बी अर्धवट दिसत राहील. उजेड मिळाला तर उगवण चांगली होते, स्प्लेन्डेन्सची तर विशेष. दोन मिलिमीटरपेक्षा खोल गेलेले बी बहुधा वर येत नाही. यानंतर पाणी झारीने द्यायचे नाही, स्प्रेच्या बाटलीने तुषार मारा. नाहीतर ट्रे परातीत ठेवून तळातून पाणी शोषू द्या आणि अर्ध्या तासाने उरलेले पाणी ओतून टाका.

उगवणीला 21 ते 25 अंश तापमान उत्तम. जानेवारीत नागपूरच्या रात्री 10-12 अंशांपर्यंत उतरतात, कधी त्याखालीही. म्हणून ट्रे उघड्यावर ठेवू नका. पारदर्शक प्लास्टिकने झाकून घरात खिडकीजवळ ठेवा. दुपारी थेट ऊन लागत असेल तर मात्र प्लास्टिकखाली बिया शिजतील, तेव्हा झाकण काढा. आठव्या दिवसापासून कोंब दिसू लागतात आणि पंधराव्यापर्यंत बहुतेक उगवून येतात. तीन आठवड्यांनंतरही काही दिसत नसेल तर बी जुने होते किंवा खोल गेले होते. आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही.

पहिले चार आठवडे: इथेच सगळ्यात जास्त रोपे जातात

निम्म्या बिया उगवल्या की झाकण कायमचे काढा. त्याच दिवसापासून सकाळी 8 ते 11 ऊन द्या आणि आठवडाभरात ते पाच तासांपर्यंत न्या. रात्री ट्रे आत. उजेड कमी पडला की रोपे धाग्यासारखी लांबतात आणि आडवी होतात. लांबलेले रोप नंतर कितीही ऊन दिले तरी आखूड होत नाही.

रोप काल ताठ होते आणि आज मातीलगत काळे पडून कोलमडले, तर तो मर रोग. बुरशी खोड जमिनीच्या रेषेवर कुजवते. तिला लागते सतत ओली माती, दाट रोपे आणि कोंडलेली हवा. कोलमडलेले रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मिश्रणासकट चमच्याने उचलून फेका, ट्रे वाऱ्याच्या जागी हलवा, वरचा थर कोरडा होईपर्यंत पाणी बंद करा आणि उरलेल्या रोपांच्या बुडाशी 1 लिटर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून थोडे थोडे ओता. पण औषधापेक्षा पाण्याची शिस्त महत्त्वाची. पाणी सकाळीच, आणि वरचा थर फिका दिसल्यावरच. संध्याकाळी भिजवलेला ट्रे थंडीच्या रात्रभर ओला राहतो, आणि मर रोगाला तेच हवे असते.

पहिली दोन गोलसर पाने ही बीदले. त्यानंतर सुरकुत्या आणि दातेरी कडा असलेली खरी पाने येतात. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की 19:19:19 हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला 1 ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा. यापेक्षा जास्त नको.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या पहिल्या भागात, रोपे 3 इंची पिशव्यांत किंवा कागदी पेल्यांत हलवा. पेल्याला भोक पाडायला विसरू नका. रोप पानाला धरून उचलावे, खोडाला कधीच नाही. पान फाटले तर दुसरे येते, खोड चिरडले की रोप संपते. पेल्यातल्या मिश्रणात आता एक भाग माती चालेल.

पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. वरची जोडी अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी काढून टाका आणि खाली तीन जोड्या ठेवा. यामुळे पहिले फूल साधारण दोन आठवडे लांबते, म्हणून हात थांबतो. पण न खुडलेले रोप एकच तुरा घेऊन काठीसारखे वाढते, तर खुडलेल्याला चार-सहा फांद्या फुटतात आणि तेवढेच तुरे येतात. शिवाय फांद्यांची गर्दी मेमध्ये स्वतःच्या बुडाशी सावली धरते.

जागा आणि माती

नागपूरच्या उन्हाळ्यात जागेची निवड अर्धे काम करते. पूर्वेकडची बाजू सर्वोत्तम: सकाळी ऊन, दुपारनंतर घराची सावली. पश्चिमेच्या भिंतीलगत साल्व्हिया लावू नका, कारण ती भिंत रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असते. दिवसभर उघडी जागाच असेल तर 50 टक्क्यांची ग्रीन नेट सहा-सात फुटांवर बांधा आणि पश्चिमेकडून ती खाली सोडा. 75 किंवा 90 टक्क्यांची नेट घेतली तर झाड जगते, पण फांद्या लांबून फुले कमी होतात. नेट मार्चअखेर बांधली तर पुरते. त्याआधीचे ऊन झाडाला हवे असते.

शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. पाणी दिले की ती फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात कोवळी मुळे तुटतात. ती चुनखडीयुक्त असल्यामुळे लोह झाडाला मिळत नाही. त्यामुळे वाफा जमिनीपेक्षा 15-20 सेंटिमीटर उंच करा. प्रत्येक चौरस मीटरला चांगले कुजलेले शेणखत 5 किलो, निंबोळी पेंड 100 ग्रॅम आणि सिंगल सुपर फॉस्फेट 50 ग्रॅम घालून वीतभर खोल मिसळा. माती फारच चिकट असेल तर कन्हान नदीची जाड रेती आणि कोकोपीट मिळून वरच्या थराच्या एक तृतीयांश भरेल इतके घाला. एकटी बारीक रेती चिकणमातीत मिसळू नका, वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते. अर्धेकच्चे शेणखत तर मुळीच नको. त्याने हुमणी आणि वाळवी येते, मुळेही भाजतात.

कुंडीसाठी 12 इंचांची कुंडी आणि त्यात एकच कॉक्सिनिया किंवा दोन फॅरिनेशिया. 8 इंची कुंडीत हिवाळ्यात चालते, मेमध्ये ती दुपारपर्यंत कोरडी होते. मिश्रण: कोकोपीट 2 भाग, चाळलेली माती 1 भाग, गांडूळखत 1 भाग, जाड रेती अर्धा भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. काळ्या प्लास्टिकची कुंडी गच्चीवर इतकी तापते की कडेची मुळे भाजतात. तिला ओले गोणपाट गुंडाळा. मातीची कुंडी गार राहते, पण पाणी लवकर सोडते. सगळ्यांत बरा उपाय म्हणजे मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधल्या फटीत ओली रेती भरणे. कुंड्या थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

लागवड: फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

आदल्या पाच-सहा दिवसांत पेले रोज थोडे अधिक वेळ बाहेर ठेवून रोपांना वारा-उन्हाची सवय लावा. लागवड संध्याकाळी पाचनंतर. पेल्यात रोप जितके खोल होते तितकेच मातीत जावे, खोड गाडू नये. कॉक्सिनिया 30 सेंटिमीटरवर, फॅरिनेशिया 25 ते 30 वर. लगेच भरपूर पाणी द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग वरची माती बोटभर सुकू द्या. या काळात रोज शिंपडशिंपड केली तर मुळे वरच राहतात आणि एप्रिलमध्ये तेच अंगाशी येते. तीन-चार दिवसांतून एकदा, पण वीतभर खोल जाईल असे पाणी दिले तर मुळे खाली उतरतात.

मार्चच्या मध्यापर्यंत बुडाशी दोन इंच आच्छादन घाला: वाळलेला पाला, गव्हांडा किंवा उसाची चिपाडे. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडा. पहिले तुरे मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी दिसतील.

एप्रिल-मे: पाणी

23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. इतकी टोकाची दुपार दरवर्षी येत नाही, पण 44-45 अंश आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) गृहीत धरूनच चाला.

वाफ्याला एप्रिलमध्ये एक दिवसाआड आणि मेमध्ये रोज सकाळी सातच्या आत पाणी. कुंड्यांना मेमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देते आणि पाइपात साठलेले त्याहून गरम असते. ते मुळांवर ओतू नका. रात्री बादल्या भरून ठेवा, सकाळी वापरा. कूलरच्या टाकीतून काढलेले पाणीही साल्व्हियाला घालू नका. पाणी उडून जात राहते आणि क्षार मागे उरतात, त्यामुळे ते दर दिवशी अधिक खारट होत जाते. बोअरचे पाणी जड असेल तर पंधरा दिवसांतून एकदा कुंडीत तळातून वाहून जाईल इतके साधे पाणी ओतून क्षार धुऊन काढा.

दुपारी दोनला पाने लोंबली म्हणजे पाणी कमी पडले असे नाही. बोट दोन इंच खुपसून बघा. आत ओल असेल तर झाड केवळ उष्णतेने मान टाकत आहे, सूर्य कलला की ते सावरते. त्याला सावली द्या, पाणी नको. अशा वेळी ओतलेल्या पाण्याने मुळे कुजतात, कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत, पाने आणखी लोंबतात आणि पुन्हा पाणी ओतले जाते. मेमध्ये गेलेल्या कुंड्यांपैकी कितीतरी तहानेने नाही, अशा जादा पाण्याने जातात. सकाळीसुद्धा पाने लोंबलेलीच असतील तरच काळजी करा.

मेमध्ये रासायनिक खत बंद. वाफ्याला महिन्यातून एकदा झाडामागे मूठभर गांडूळखत पुरेसे आहे. नत्र जास्त झाले की पाने तेवढी माजतात.

तुऱ्याची खालची दोन तृतीयांश फुले गळाली की तो खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. त्याच जोडीच्या बेचक्यातून दोन नवे तुरे येतात. स्प्लेन्डेन्समध्ये फसायला होते, कारण फूल गळले तरी त्याचा बाहेरचा पेला लालच राहतो. तिथे रंग मळकट दिसू लागला की कापायचे.

काय बिघडते

पान फिके पडून त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके आले आणि खालच्या बाजूला कोळिष्टक दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या गरम हवेत तो फार वेगाने वाढतो. पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे कण दिसतील. सलग तीन सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. त्याने न हटल्यास 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि 1-2 मिलिलिटर साबणाचे द्रावण, तेही सूर्य मावळल्यावरच. उन्हात तेल लागलेले पान भाजते.

नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. काळ्या मातीत आणि जड पाण्यावर हे वारंवार दिसते. फेरस सल्फेट 2 ग्रॅम आणि लिंबूसत्त्व 1 ग्रॅम 1 लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर कारण वेगळे आहे: नत्र कमी, नाहीतर बुडाशी पाणी साचलेले. दोन्हींत फवारणीचा उपयोग नाही.

पांढऱ्या माशीला पिवळे चिकट कागद लावा. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

जूनची छाटणी आणि बी

मृगाचा पाऊस यायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, झाडे जमिनीपासून 15-20 सेंटिमीटरवर छाटा आणि ग्रीन नेट उतरवा. दाट वाढलेले झाड पावसात आतून कुजते. छाटलेले कॉक्सिनिया आणि फॅरिनेशिया जुलैत पुन्हा फुटतात, उंच वाफ्यात असतील तर. आच्छादनही आता बाजूला करा, नाहीतर गोगलगायींना आसरा मिळतो.

बी धरायचे असेल तर एप्रिलच्या शेवटी सशक्त झाडांवरचे दोन-तीन तुरे न कापता ठेवा. फुलाच्या प्रत्येक पेल्यात जास्तीत जास्त चार बिया असतात. पेला तपकिरी आणि कागदासारखा झाला की तुरा कागदी पिशवीत उलटा करून झटका. एक-दोन दिवस उशीर झाला तरी बिया खाली सांडतात. संकरित वाणाचे बी आईसारखे येत नाही. कॉक्सिनियाचे साधे वाण मात्र जवळपास तसेच येतात, पण लाल आणि गुलाबी शेजारी लावले असतील तर रंग मिसळू शकतात. बिया सावलीत आठवडाभर वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर नाव आणि महिना लिहा, घट्ट झाकणाच्या डब्यात थोडे कोरडे तांदूळ टाकून तो डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. पेरायच्या दिवशी डबा बाहेर काढल्यावर तासभर न उघडता तसाच ठेवा, नाहीतर थंड बियांवर बाहेरच्या हवेतली वाफ धरते.